सूर्याभोवतीचा गुंता आणि संगणकाची रांगोळी

आज कर्जाचा हप्ता नाही, बँकेचा कागद नाही, पापड-लोणच्याचं मार्केटिंगही नाही. आज सूर्याबद्दल बोलायचं आहे.

त्याला कारण आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या ज्या बचत गटांचं काम मी पाहते, त्यांच्या व्हॉट्सॲपवर थोड्या-थोड्या महिन्यांनी एक निरोप फिरतो. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून लांब ठेवा, अंतराळातून घातक किरण येणार आहेत, दहा जणींना पाठवा.’ तुमच्या गावातल्या गटांवरही तो आला असेल. हा निरोप खोटा आहे. पण सूर्यावर वादळं होतात, ती पृथ्वीपर्यंत पोचतात आणि विजेच्या तारांना, उपग्रहांना त्रास देतात, हे खरं आहे. त्या वादळांचा अंदाज काढायचं कामही खरंच चालतं, संगणकावर, आकडेमोडीने. ते कसं चालतं हे थोडं समजलं, तर खरा निरोप कोणता आणि खोटा कोणता हे आपलं आपल्याला ओळखता येईल.

सुरुवात मुंबईपासूनच करू. कुलाब्याला समुद्राकडच्या टोकाला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे, म्हणून होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे आपण शाळेत शिकलो. पण ती सुई अगदी गप्प नसते. बारकाईने पाहिलं तर दिवसभरात ती किंचित इकडे-तिकडे होते. कुलाब्याला चुंबक टांगून ठेवलेलं असे. एक माणूस छोट्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तासातासाला.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे गृहस्थ सूर्यावरचे काळे डाग कागदावर उतरवून घेत होते. अचानक त्या डागांजवळ पांढराशुभ्र लखलखाट झाला आणि पाचेक मिनिटांत विझला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी जगभरच्या चुंबकसुया बिथरल्या. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. अमेरिकेत काही ठिकाणी तर बॅटरी काढून ठेवली तरी तार चालू राहिली, कारण त्या वादळानेच तारेत वीज खेळवली होती. युरोपातल्या नावाजलेल्या वेधशाळांत आपोआप रेघ ओढणारी यंत्रं होती, त्यांची रेघ कागदाबाहेर गेली. मग सुई किती खाली गेली ते कळणार कसं?

कुलाब्याला माणूस बसलेला होता. सुई हलायला लागल्यावर तासाची नोंद पुरेना, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांनी, कधी पाच-पाच मिनिटांनी आकडे लिहिले गेले. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींत पृथ्वीचा चुंबकी जोर सुमारे १६०० एककांनी घसरलेला दिसतो. त्या एककाला नॅनोटेस्ला म्हणतात. हा आकडा केवढा? १९८९ साली कॅनडात वीज घालवणारं वादळ झालं, त्याचा आकडा ५८९ होता. मे २०२४ च्या वादळाचा ४०० च्या आसपास. आता हे दोन आकडे चार ठिकाणांची सरासरी काढून येतात आणि कुलाब्याचा एकाच जागेचा आहे, म्हणून ते जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. तरीही १८५९ चं वादळ किती दांडगं होतं ते लक्षात येतं. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना आणि सोभना अलेक्स यांनी या जुन्या वह्यांवरून त्या वादळाचा अभ्यास छापला, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या वह्यांची दखल घेतली. गटाचं इतिवृत्त लिहायचा कंटाळा करणाऱ्या सगळ्या सचिवताईंना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. विजेची तार जवळ आली की चुंबकसुई खरं बोलत नाही. म्हणून कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ही मोजणी अलिबागला हलवली. १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडताना खंड पडू नये. अलिबागला लोखंड टाळून बांधलेल्या खोल्यांत ती आजही चालू आहे.

आता प्रश्न असा की सूर्यावरून आलं काय?

सूर्य हा तापलेल्या वायूचा गोळा. इतका तापलेला, की त्यातले कण विजेचा भार घेऊन फिरतात. वीज वाहते तिथे चुंबकत्व येतंच. आपल्या पाण्याच्या पंपाची मोटर, घरचा पंखा, मिक्सर, सगळं याच्यावरच फिरतं. सूर्याच्या पोटात हा विजेचा भार असलेला वायू सारखा उकळतो आणि फिरतो, त्यातून चुंबकत्व तयार होतं आणि जागोजागी पृष्ठभागावर येतं. जिथे ते फार दाटतं तिथे खालची उष्णता वर येऊ शकत नाही, तेवढा भाग जरा गार राहतो आणि आपल्याला काळा दिसतो. तेच सौर डाग. डाग म्हणजे चुंबकं आहेत हे १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी दाखवलं. तिथला चुंबकी जोर पृथ्वीच्या चुंबकाच्या हजारो पट असतो.

कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरलं तर कीस कमानीकमानीने मांडला जातो, हे मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात पाहिलं असेल. सूर्याच्या पृष्ठभागावरही एका डागातून रेषा निघतात, कमान घेऊन दुसऱ्या डागात उतरतात. या कमानी हजारो किलोमीटर उंच असतात, त्यांत अख्खी पृथ्वी मावेल. आणि तिथला वायू रुळावरून गाडी जावी तसा त्या रेषांना धरूनच पळतो.

ज्या भागात या कमानी असतात, त्या सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाला प्रभामंडळ म्हणतात. इंग्रजीत त्याला कोरोना म्हणतात. हा शब्द ऐकला की २०२० सालची भीती अजून अंगावर येते, पण मुळात कोरोना म्हणजे मुकुट. त्या विषाणूलाही त्याच्या मुकुटासारख्या काट्यांमुळेच हे नाव मिळालं.

प्रभामंडळाचं वागणं उलटं आहे. चुलीपासून लांब गेलं की गार लागायला हवं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्या वरचं हे विरळ प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या वर. चुंबकी रेषांत साठलेली ताकद तिथे खर्ची पडते आणि वायू तापतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे. नेमकी कशी खर्ची पडते, यावर अजून वाद चालू आहेत.

एरवी प्रभामंडळ आपल्याला दिसत नाही. त्याचा उजेड सूर्याच्या उजेडाच्या जेमतेम दहा लाखांतला एक भाग, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. भर उन्हात तो कुठला दिसायला! खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की काही मिनिटं तो दिसतो. असं ग्रहण २२ जानेवारी १८९८ ला महाराष्ट्रातून गेलं. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर यांनी तळ दिला होता, ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी दुर्बिणी मांडल्या होत्या, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही जेऊरलाच आली होती. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. हेलियम वायू तिथेच सापडला असंही सांगतात, पण ते बरोबर नाही. १८६८ च्या ज्या ग्रहणाशी हेलियमचा संबंध आहे, त्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते, आणि विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी. आपल्या गावाचा अभिमान असावाच, पण १८९८ ची खरी गोष्ट काही कमी अभिमानाची नाही. त्या दिवशी प्रभामंडळाचे फोटो निघाले. त्यांत सूर्याभोवती झोत दिसतात, फुलाच्या पाकळ्यांसारखे, काही लांब टोकदार, काही आखूड. हे झोत म्हणजे चुंबकी रेषांच्या आकारात अडकलेला वायू.

मग आता अडचण कुठे आहे ते बघा. वादळ उठतं ते प्रभामंडळातल्या रेषांमुळे. म्हणजे त्या रेषा कशा आहेत ते कळायला हवं. पण मोजता येतं ते खाली, पृष्ठभागावर. चुंबकत्व असलं की त्या जागेहून येणाऱ्या प्रकाशातली एक बारीक रेघ फुटून दोन-तीन होते, आणि ती किती फुटली त्यावरून चुंबकाचा जोर काढतात. पृष्ठभागावर उजेड भरपूर, चुंबक जोरदार, म्हणून हे जमतं. अमेरिकेचा एक उपग्रह २०१० पासून हे मोजमाप सतत करतो आहे. वर प्रभामंडळात उजेड अंधुक, वायू विरळ, आणि उष्णतेने प्रकाशाची रेघ इतकी पसरट होते की ती फुटली की नाही तेच कळत नाही. अलीकडे हवाई बेटावरच्या एका मोठ्या दुर्बिणीने तिथलंही थेट मोजमाप सुरू केलं आहे, पण ते थोड्या भागाचं, कडेच्या बाजूचं. सबंध प्रभामंडळाचा चुंबकी नकाशा हवा असेल, तर खालचे आकडे घेऊन वरचं हिशेबानेच काढावं लागतं. तेच संगणकाचं काम. त्या हिशेबाला मॉडेल म्हणतात.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. खालची पहिली ओळ तुम्हाला दिलेली आहे, तिच्या प्रत्येक ठिपक्यावर आकडा लिहिलेला आहे. वरचे सगळे ठिपके कोरे आहेत. नियम मात्र ठरलेले. पहिला नियम, रेषा मध्येच तुटत नाही, तिला सुटं टोक नसतं. सूर्याच्या एका जागेतून जेवढ्या रेषा बाहेर पडतात, तेवढ्या दुसरीकडे आत शिरायलाच हव्यात. वर्षअखेरीला आपण तेरीज काढतो तेव्हा जमा आणि नावे जुळल्याशिवाय वही मिटत नाही, तसंच. दुसरा नियम, शेजारच्या ठिपक्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे, एका ठिपक्यावर रेषा उत्तरेला आणि अगदी लगतच्या ठिपक्यावर उगाच दक्षिणेला, असं चालत नाही. या नियमांनी संगणक एकेक ओळ भरत वर जातो.

सगळ्यात सोपं मॉडेल १९६९ साली अमेरिकेत दोन गटांनी जवळपास एकाच वेळी मांडलं. त्यात असं धरतात की रेषा केस विंचरल्यासारख्या सरळसोट आहेत, कुठे पीळ नाही. आणि सूर्याच्या मध्यापासून त्याच्या अडीच त्रिज्यांइतक्या अंतरावर सगळ्या रेषा बाहेरच्या बाजूला मोकळ्या होतात, कारण तिथून पुढे सूर्याचा वारा त्यांना ओढून नेतो. खराखुरा वारा बरं का, सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांचा. हे मॉडेल साध्या संगणकावर काही मिनिटांत निघतं, म्हणून पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी अजून वापरतात.

पण विंचरलेल्या केसांत ताकद साठत नाही. मुलीची वेणी घालताना पेड घट्ट ओढून पीळ दिला की सोडताच ते उलगडायला धावतात, हे तुम्हा-आम्हाला रोजचं आहे. रबर पिळत गेलं की शेवटी तडकतं. सूर्याच्या पृष्ठभागावर वायू सारखा उकळतो, त्यात रेषांची मुळं सरकतात, एकमेकींभोवती फिरतात, आणि वर कमानींना पीळ बसत जातो. युजीन पार्कर नावाच्या शास्त्रज्ञाने हीच वेणीची कल्पना मांडली होती. असे असंख्य बारीक पेड गुंततात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता सुटते, त्यानेच प्रभामंडळ तापत असावं, असं त्यांचं म्हणणं. मोठा पीळ एकदम सुटला, तर लखलखाट होतो आणि अब्जावधी टन वायू चुंबकी रेषांसकट अवकाशात फेकला जातो. १८५९ ला तसंच झालं. म्हणून दुसऱ्या जातीची मॉडेलं पीळही हिशेबात धरतात. मोजायचं ते इतकंच नसतं की रेषा कुठून कुठे जाते, तर तिच्यात किती ताण साठला आहे. हे काम किचकट आहे, आणि खालच्या मोजमापात थोडी चूक असली तरी वर ती वाढत जाते.

तिसऱ्या जातीत रेषांबरोबर वायूही धरतात. सूर्याभोवतीची जागा लाखो-कोट्यवधी छोट्या खणांत वाटतात. प्रत्येक खणात वायू किती, किती गरम, कुठल्या दिशेला किती वेगाने जातोय, चुंबकी रेषा कुठे वळली, हे आकडे ठेवतात. मग प्रत्येक खण शेजाऱ्यांकडे बघून पुढच्या क्षणाचा आपला आकडा ठरवतो, पुन्हा त्याच्या पुढच्या क्षणाचा. गावात एका घरची बातमी शेजारी, तिथून पुढच्या शेजारी जावी, तसा बदल खणाखणांतून पसरतो. याला महासंगणक लागतो आणि तोही दिवसच्या दिवस चालतो.

आणि इतकं करूनही एक गोष्ट कुणाच्या हातात नाही. सूर्याची पाठ आपल्याला दिसत नाही. तो आपल्या बाजूने पाहता साधारण २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. म्हणजे मागच्या बाजूचे आकडे ती बाजू शेवटची समोर होती तेव्हाचे, एक-दोन आठवडे शिळे. पंधरवड्यातून एकदा वही तपासायला जाणाऱ्या माझ्यासारखीला ही अडचण चांगली कळते. वहीत कर्ज फिटलेलं दिसतं, तोवर दोघींनी नवं घेतलेलं असतं. सूर्याच्या पाठीवर नवा डाग उगवलेला असतो आणि मॉडेलला त्याचा पत्ता नसतो.

मग या हिशेबावर विश्वास ठेवायचा कसा? परीक्षा घेऊन. आणि परीक्षेचा दिवस म्हणजे खग्रास ग्रहण, कारण तेव्हा प्रभामंडळ सगळ्यांना उघड दिसतं. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतून खग्रास ग्रहण गेलं. त्याच्या आधीच आयसर कोलकाता संस्थेतल्या दिब्येंदु नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी प्रभामंडळ कसं दिसेल, झोत कुठे-कुठे असतील, हे मॉडेलवरून जाहीर केलं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका गटानेही आपलं चित्र आधी जाहीर केलं. मग ग्रहण झालं, फोटो निघाले, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले. मोठ्या झोतांच्या जागा बऱ्याच जुळल्या. बारीक तंतू, छोटे झोत यांत फरक राहिला. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाला सॅन डिएगोच्या गटाने तर नवे आकडे येतील तसं चित्र बदलत ठेवलं, अगदी ग्रहणाच्या दिवसापर्यंत. मला या शास्त्रज्ञांची हीच गोष्ट फार आवडते. उत्तरपत्रिका आधी भिंतीवर लावायची, पेपर नंतर यायचा. ज्योतिष सांगणाऱ्या कुणाला हे करायला सांगून बघा!

पण अंदाजातली सगळ्यात अवघड गाठ वेगळीच आहे. सूर्यावरून फेकलेला वायूचा ढग पृथ्वीकडे निघाला, एक ते तीन दिवसांत पोचेल, हे हल्ली बऱ्यापैकी सांगता येतं. तो पोचल्यावर काय करेल, हे त्याच्या आतल्या चुंबकाच्या दिशेवर ठरतं. दोन चुंबकं जवळ आणली तर एका बाजूने धरल्यावर ती खटकन चिकटतात, दुसऱ्या बाजूने धरल्यावर एकमेकांना ढकलतात. ढगातली दिशा पृथ्वीच्या चुंबकाच्या उलटी, म्हणजे दक्षिणेकडे असली, तर दोघांच्या रेषा एकमेकींत जुळतात, दार उघडतं आणि वादळाची ताकद आत शिरते. दिशा उत्तरेकडे असली, तर तोच ढग बराचसा बाजूने निघून जातो. ढग सूर्यापासून सुटताना त्याच्या पोटातल्या रेषांना कोणत्या दिशेचा पीळ होता, वाटेत तो किती वळला, हे सांगण्यासाठी प्रभामंडळाची मॉडेलं लागतात. आणि इथेच ती आज कमी पडतात. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर उभ्या असलेल्या यानांपाशी ढग पोचतो तेव्हा दिशा कळते, आणि तिथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर लागतो. तेवढ्या वेळात वीज कंपनीने काय-काय आवरायचं?

त्याच जागी आता आपलंही यान आहे. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथे पोचलं. या मोहिमेच्या प्रमुख होत्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या. यानावर सात उपकरणं आहेत. त्यांतली सूट नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली, तिच्यातून सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो निघतात. बेंगळुरूच्या संस्थेने बनवलेलं दुसरं उपकरण सूर्याची तबकडी झाकून रोजच कृत्रिम ग्रहण लावतं, म्हणजे प्रभामंडळ पाहायला चंद्राची वाट बघत बसायला नको. आणखी एक उपकरण तिथून जाणाऱ्या वाऱ्याचं चुंबकत्व मोजतं. ज्या मुंबईत १८५९ साली टांगलेल्या चुंबकाकडे बघत कुणीतरी आकडे लिहीत होतं, तिच्याच उपनगरात, आमच्या घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या विक्रोळीत, इस्रोच्या रॉकेटची इंजिनं घडतात. लोकलच्या खिडकीतून त्या कारखान्याची झाडं तेवढी दिसतात.

आपल्याला याचा काय त्रास होऊ शकतो, ते सरळ सांगते. सूर्यावरच्या लखलखाटाचे घातक किरण वातावरणात वरच अडतात. जमिनीवरच्या माणसाला, पोटातल्या बाळाला, शिजवलेल्या अन्नाला त्याने काही होत नाही. उशाशी ठेवलेला फोनही फुटत नाही. त्रास होतो तो लांबलांब तारांना आणि आकाशातल्या उपग्रहांना. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशा वादळाने दीड मिनिटात वीज गेली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळजवळ ४० स्टारलिंक उपग्रह एका साध्या वादळाने खाली येऊन जळाले, कारण वादळाने वरची हवा फुगली आणि त्यांना रेटा बसला. १० मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले गावातून आभाळ लालसर दिसलं, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत ट्रॅक्टरला वाट दाखवणारं जीपीएस बिघडून शेतकरी थांबून राहिले.

महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे, म्हणून विजेच्या जाळ्याला कॅनडासारखा धोका आपल्याला कमी. पण जीपीएस, विमानांचा रेडिओ, उपग्रह हे सगळ्या जगाचं एकच. कोकणातल्या मच्छीमार होड्याही आता जीपीएसवरच जाळं टाकायची जागा शोधतात. वीज जाणं काय असतं ते मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिलं. त्याचं कारण सूर्य नव्हता, पण लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि बायका रुळावरून चालत घरी गेल्या.

तर खरा निरोप कसा ओळखायचा? खरा अंदाज ‘शक्यता’ सांगतो. वादळ उद्या रात्री ते परवा दुपारपर्यंत कधीही, मध्यम ते जोरदार, असं तो बोलतो, आणि नवे आकडे आले की बदलतो. पावसाचा यलो अलर्ट दुपारी ऑरेंज होतो, तसाच. साडेबारा ते साडेतीन असं घड्याळ लावून सूर्य काही करत नाही, आणि कुठलीही वेधशाळा दहा जणींना पाठवा असं सांगत नाही.

एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी स्पेन, इजिप्त, अरबस्तानातून खग्रास ग्रहण जाणार आहे, आणि महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढग बाजूला झाले तर. पावसाळाच तो. खंडग्रासात प्रभामंडळ दिसत नाही, त्यासाठी खग्रासच लागतं, आणि भारतातून तसं पुढचं ग्रहण २० मार्च २०३४ ला लडाख-काश्मीरच्या बाजूला आहे. ग्रहण बघायचं तर ग्रहणाचा खास चष्मा लागतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्याची परात, हे काही चालत नाही, डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखतसुद्धा नाही. चष्मा नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून भिंतीवर किंवा जमिनीवर पडणारी सूर्याची कोर बघा. गटातल्या सगळ्याजणी, मुलाबाळांसकट, एका पुठ्ठ्यावर बघू शकतात. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात मॉडेलवाल्यांची चित्रं जाहीर झालेली असतील. एखादं चित्र फोनमध्ये ठेवा, संध्याकाळी इजिप्तचे फोटो आले की शेजारी धरून बघा.